आपली इमारत उभी आहे ती जमीन कोणाची होती, हे कसं शोधावं

कोपरखैरण्यातल्या एका शाळेत मी इतिहास शिकवते. नववीच्या मुलांना दरवर्षी एक प्रकल्प देते: तुमची इमारत उभी आहे ती जमीन सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, येण्याआधी कोणाची होती, आणि तुमच्या घरचे इथे कुठून, कशासाठी आले, ते शोधून आणा. वर्गात माझ्यासारखी गावठाणातली आगरी-कोळी मुलं असतात, साताऱ्याकडच्या माथाडी कामगारांची असतात, उत्तर प्रदेशातून आलेल्या सुतार-रंगाऱ्यांचीही असतात. पालक फोन करून विचारतात, हे शोधायचं कुठे? म्हणून सगळं एकदा लिहून काढते. मोठ्यांनीही जरूर करून बघावं. ‘स्थानिक’ आणि ‘बाहेरचे’ या भांडणाची मुळं माणसांच्या स्वभावात शोधत बसण्यापेक्षा जमिनीच्या कागदात शोधावीत, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात कागदापासून करा. तुमच्या घराच्या कागदांवर सेक्टर आणि भूखंड क्रमांक असेल. आपल्याला हवा जुना सर्व्हे नंबर. भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशाची नक्कल मिळते. तो नकाशा घेऊन जवळच्या गावठाणात जा आणि एखाद्या वयस्क माणसासमोर पसरा. तळं, देऊळ, खाडीचा बांध या खुणा धरून ते अंदाजाने जागा दाखवतात. माझ्या चुलत आजीला नकाशा वाचता येत नव्हता, पण मी बोट ठेवलं की ती शेताचं नाव सांगायची: वडाखालचं, उघाडीजवळचं, मधल्या बांधाचं. ती नावं नकाशावर पेन्सिलीने लिहून घ्या, सरकारी दप्तरात ती कुठेच नाहीत.

सर्व्हे नंबर मिळाला की जुना सातबारा आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, काढा. स्कॅन केलेले जुने कागद महसूल खात्याच्या संकेतस्थळावर ‘आपले अभिलेख’ या सदरात बघा. तिथे नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. अक्षर मोडीसारखं लपेटलेलं असतं, घाई करू नका.

हा सर्व्हे नंबर इंग्रजांचा आहे. ऑस्ट्रेलियात इंग्रज स्वतः राहायला आणि शेती करायला गेले, तिथली जमीन कोणाचीच नाही असं त्यांनी धरून चालवलं, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती समजूत फेटाळायला १९९२ साल उजाडलं. आपल्याकडे ते मुख्यतः वसुलीला आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्यांनी ठाणे जिल्ह्याची मोजणी केली, जमिनीचे तुकडे पाडून नंबर दिले आणि प्रत्येक तुकड्यापुढे सारा भरणाऱ्या खातेदाराचं नाव लिहिलं. सरकारच्या लेखी जमिनीचा माणूस म्हणजे तो. मीठ आणि जंगल यांवरही सरकारचा ताबा बसला. गोरा माणूस गावात न राहताही गावाची घडी बदलली ती अशी.

आता सातबारा आणि फेरफार वाचताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं नाव. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात ते असतं. पुढच्या एखाद्या फेरफारात ‘३२ ग’ दिसलं तर समजा, कुळकायद्याने कसणारा मालक झाला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन त्याचाच.

दुसरी, ‘भूसंपादन’ हा शब्द आणि त्याची तारीख. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतली ९५ गावं नव्या शहराच्या क्षेत्रात आली. जमीन घेतली गेली ती १८९४च्या, म्हणजे इंग्रजांच्याच भूसंपादन कायद्याने. १ जानेवारी २०१४ ला नवा कायदा लागू होईपर्यंत तोच चालत होता. दोन तारखा शेजारी मांडा. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याची जमीन कसणारा माणूस मालक झाला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत, आपल्याच सरकारच्या काळात, ती त्याच्या हातून गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड खातेदाराला परत देण्याची योजना पुढे आली ती या लढ्यातून. हा संताप कुठून आला ते फेरफारावरच्या तारखा बघितल्या की उमगतं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: कोणाचं नाव नाही. खाडीत जिताडा आणि चिंबोऱ्या धरणाऱ्याचा सातबारा नसतो. मिठागरावर रोजाने मीठ ओढणाऱ्या बाईचाही नसतो. खातेदाराचं नुकसान पैशात मोजलं गेलं, यांच्या नुकसानीला रकानाच नव्हता. बहिणींची नावंही बघा. हक्कसोड, म्हणजे बहिणीने वडिलोपार्जित जमिनीवरचा वाटा सोडल्याचा कागद, कधी झालं, भूखंड मिळायच्या सुमारास का, हे तारखांवरून कळतं. हा प्रश्न घरात विचारताना आवाज चढतात, तरी मुलींनी तो विचारावा.

यानंतर ठाण्यात एक फेरी मारा, सकाळी लवकर. स्टेशनपाशी थांबा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी इथे आली. त्याच रुळांनी चेंदणी कोळीवाडा पूर्व आणि पश्चिम असा दुभंगला आहे. मासुंदा तलावाजवळ पोर्तुगीज काळात उभं राहिलेलं चर्च आहे, टेंभी नाक्याच्या बाजूला बेने इस्रायलींचं, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, १८७९चं सिनेगॉग आहे. मध्यवर्ती कारागृहाच्या भिंती किल्ल्याच्या आहेत. तो पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला.

चर्चमध्ये जुन्या ईस्ट इंडियन कुटुंबातलं कोणी भेटलं तर बोला. ही मराठी बोलणारी, इथलीच माणसं. इंग्रजी राज्यात नोकऱ्यांसाठी गोव्याचे आणि मंगळुरूचे ख्रिस्ती मुंबईत येऊ लागले, तेव्हा आपण मूळचे इथले हे ठसवायला त्यांनी १८८७ मध्ये हे नाव घेतलं. ‘भूमिपुत्र’ म्हणून मोर्चे काढणाऱ्या आमच्या मुलांना ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. नोकरीच्या रांगेत धक्का लागला की माणूस आपलं मूळ मोठ्याने सांगू लागतो, हे तेव्हाही खरं होतं.

आलेल्यांच्या मुलाखती हा भाग मुलं उरकून टाकतात. उरकू नका. ‘तुम्ही का आलात?’ असं विचारलं की ‘पोटासाठी’ इतकंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: गावी जमीन किती होती? पहिला महिना कोणाकडे राहिलात? इथे खोली कोणी मिळवून दिली? मशीद बंदर भागातले घाऊक बाजार १९८० आणि ९०च्या दशकांत वाशीला हलले, त्यांच्यामागे माथाडी आले. एका मुलाच्या आजोबांनी सांगितलं की पाठीवर गोणी घेताना मान कशी वळवायची हे त्यांना गाववाल्यानेच शिकवलं, आणि झोपायला जागाही त्यानेच दिली. वस्त्या गावनिहाय का बनतात, दुसऱ्याच्या आळीत आपण का जात नाही, याचं उत्तर या एका वाक्यात आहे. उल्हासनगरला नातेवाईक असतील तर तिथेही विचारा. फाळणीत आलेल्या सिंधी कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवलं होतं, १९४९ मध्ये त्या वस्तीला हे नाव मिळालं.

लिहून काढताना मधोमध सर्व्हे नंबर घ्या, डाव्या बाजूला गेलेल्यांची हकिकत आणि उजव्या बाजूला आलेल्यांची. दोन्हींना सारखीच जागा द्या. ‘पहिले कोण आले’ याचा निकाल लावू नका, त्या वादाला तळ नाही आणि ठाण्याजवळच्या येऊरच्या पाड्यांवरचे वारली आदिवासी समोर बसले तर आम्हा सर्वांनाच गप्प व्हावं लागेल. त्याऐवजी आजचा एखादा प्रश्न घ्या. गावठाणाशेजारी वाढत्या कुटुंबांनी गरजेपोटी बांधलेली घरं अनधिकृत का ठरली, हा घ्या, किंवा तुमच्या सोसायटीत घरकामाला येणाऱ्या ताईंना लिफ्ट वेगळी का, हा. त्याचा धागा मागे त्या फेरफारापर्यंत नेता येतो का ते बघा.

मुलाखत दिलेल्यांना लिहिलेलं वाचून दाखवा आणि त्यांनी नको म्हटलेली नावं काढा. विशेषतः हक्कसोडाच्या बाबतीत, कारण काही घरांत ते दावे अजून कोर्टात आहेत.