तुटलेला तुकडा फेकू नका

मी खानापूरकडची. घरात सगळे फौंड्रीवाले, त्यामुळे दोन पार्ट जोडायचे म्हणजे एकतर वेल्डिंग रॉड नाहीतर नट-बोल्ट, एवढंच लहानपणापासून डोक्यात. डिग्रीनंतर बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागले आणि पहिल्याच महिन्यात थर्मोप्लास्टिक कंपोझिट हातात आलं. म्हणजे काचतंतूंचं कापड पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकमध्ये दाबून केलेले दोन मिलीमीटरचे पत्रे. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

पहिलं भोक मी लोखंडाला पाडतात तसंच पाडलं. ड्रिल वरून छान गेलं, पण पत्रा उलटा केला तर खालचा शेवटचा थर फुगून सुटलेला आणि कडेला धागे पिंजारलेले. आता खाली लाकडी फळी घट्ट लावते, ड्रिल नवं कोरं धारेचं घेते आणि बाहेर पडताना दाब अगदी हलका ठेवते. फेरे जास्त झाले तर प्लास्टिक वितळून ड्रिलला चिकटतं.

बोल्ट आवळताना आमचे फोरमन मागून ओरडले, "काय करालास गं? साकु, साकु!" साकु म्हणजे कानडीत पुरे. त्यांचं मराठी-कानडी असंच एकत्र येतं. म्हणणं खरं होतं. बोल्टच्या डोक्याखाली पत्रा चेपतो, आणि प्लास्टिक हळूहळू सरकत राहत असल्यामुळे आवळलेला ताण कमी होत जातो. म्हणून मोठा वॉशर लावायचा. भोकाचं केंद्र कडेपासून व्यासाच्या निदान तिप्पट आत हवं, म्हणजे ६ मिलीमीटरच्या बोल्टला १८. लोखंडात दीडपट-दुपटीवर भागतं, त्या सवयीने माझे दोन नमुने कडेतून फाटले. कार्बनतंतू असतील तर ॲल्युमिनियमचे रिव्हेट नकोत, ओल लागली की गंजतात. विमानात त्यासाठी टायटॅनियम वापरतात.

वेल्डिंगचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. भोक नाही, म्हणजे धागा तुटत नाही आणि वजनही वाचतं. इपॉक्सी, म्हणजे दुसऱ्या जातीच्या कंपोझिटमधलं रेझिन, एकदा पक्कं झालं की पुन्हा वितळत नाही. थर्मोप्लास्टिक मात्र वितळतं, पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंशांना, पीपीएस आणि पीक ही जास्त उष्णता सोसणारी प्लास्टिकं २८० च्या आसपास आणि ३४३ ला. एअरबस ए-३८० च्या पंखाच्या पुढच्या कडेत काच-पीपीएसचे भाग मध्ये तापणारी जाळी ठेवून वेल्ड केलेत. गल्फस्ट्रीम जी-६५० च्या शेपटीत कार्बन-पीपीएसचे भाग इंडक्शनने, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तापवून, जोडलेत. कार्बनचं कापड वीज वाहतं म्हणून स्वतःच तापतं. काच तापत नाही.

आमच्याकडे होतं ते प्लास्टिकच्या डब्यांसाठीचं २० किलोहर्ट्झचं अल्ट्रासोनिक मशीन, वेगाने थरथरवून प्लास्टिक वितळवणारं. उद्यमबागेत चौकशी केलीत तर असं मशीन सापडेल, चहा पाजून एक दुपार मिळते. दोन पत्र्यांमध्ये त्याच प्लास्टिकची पातळ फिल्म ठेवायची, हॉर्न, म्हणजे मशीनचा थरथरणारा धातूचा दांडा, खाली येतो, दातात कळ जावी तसा आवाज होतो आणि दोन-चार सेकंदांत काम झालं.

माझंही झालं असं वाटलं. जोड दिसायला सुरेख होता, आणि हाताने पिळल्यावर सुटला. आतला पृष्ठभाग नव्या स्टीलच्या ताटासारखा गुळगुळीत. प्लास्टिक घट्ट व्हायच्या आधीच मी दाब काढला होता. पुढच्या नमुन्यात दाब गार होईपर्यंत धरला. तो टेन्साईल मशीनवर, म्हणजे ओढून तोडणाऱ्या मशीनवर, तुटला तेव्हा दोन्ही बाजू केसाळ होत्या, एकीचे धागे दुसरीने उपटून घेतलेले. चांगला जोड असा तुटतो. न तोडता ध्वनिलहरींनी करायच्या अल्ट्रासोनिक तपासणीत आतली पोकळी दिसते, पण नुसता टेकलेला कमजोर जोड सुटून जाऊ शकतो. म्हणून नमुने तोडून बघण्याला पर्याय नाही.

जे झाकण वर्षातून चारदा उघडायचं आहे तिथे वेल्ड कशाला? बोल्टच लावा.

ते दोन तुकडे, ताटासारखा आणि केसाळ, मी कुंद्याच्या रिकाम्या डब्यात ठेवले होते. पुढच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत "वेल्ड बरा की बोल्ट?" असं विचारल्यावर डबाच टेबलावर ठेवला. समोरच्या बाईंनी केसाळ तुकडा खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "दाब किती सेकंद धरला होतास?"

वहीत वेळ लिहिलीच नव्हती.