कुत्र्याने फिनाईल प्यायलं, डांबर गोळी गिळली? या चुका टाळा

दिवाळीची साफसफाई निघाली की पुण्यातल्या घरांत टॉयलेट क्लीनर, फिनाईल, डांबर गोळ्या सगळं जमिनीवर येतं. कुत्र्याने त्यात तोंड घातलं की घाबरून पहिली चूक होते ती मिठाचं पाणी पाजून ओकवण्याची. कृपा करून हे करू नका. मीठ जास्त गेलं तर रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात, जीवही जाऊ शकतो. टॉयलेट क्लीनरमधलं आम्ल किंवा तुंबलेल्या नळासाठीचा कॉस्टिक सोडा आत जाताना अन्ननलिका भाजतो आणि ओकवलं की वर येताना पुन्हा भाजतो. रॉकेल, टर्पेंटाइन ओकताना फुफ्फुसात शिरतं. ओकवायचं की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. तो उपाय साधारण पहिल्या दोन तासांतच कामाचा असतो, म्हणून फोन लगेच करा. संध्याकाळी कोथरूडहून औंधला पोचायचं म्हणजे किती वेळ जातो ते आपल्याला माहीत आहे. घरातून निघतानाच दवाखान्यात कळवा.

दूध पाजायचा सल्ला शेजारचे मायेने देतात. पण डांबर गोळीतलं नॅफ्थलीन स्निग्ध पदार्थात विरघळतं, दूध-तुपाने ते अंगात जास्त भिनतं. उंदराच्या औषधात झिंक फॉस्फाइड असेल तर पोळीचा तुकडाही नको: खाल्लं की पोटातलं आम्ल वाढतं आणि विषारी फॉस्फिन वायू सुटतो. असा कुत्रा गाडीत ओकला तर काचा उघडा, तो वायू माणसालाही बाधतो.

अंगाला, पंजांना लागलेलं साध्या पाण्याने धुवा, नाहीतर तो चाटत राहील. बाटली किंवा पाकीट सोबत न्या. कधी, अंदाजे किती आणि कुत्र्याचं वजन, एवढं सांगता आलं पाहिजे.

मला सगळ्यात काळजी वाटते ती ब्रोमाडायोलोनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या उंदराच्या औषधाच्या वड्यांची. कुत्रा दोन-तीन दिवस मजेत जेवतो, खेळतो, घरचे निर्धास्त होतात. मग धाप लागते, हिरड्यांतून रक्त येतं. वडी खाल्ल्याची नुसती शंका असली तरी त्याच दिवशी दाखवा. व्हिटॅमिन के१ हा त्यावरचा उतारा आहे, पण गोळ्या कित्येक आठवडे चालतात. कुत्रा बरा दिसला म्हणून मध्येच थांबवू नका. शेवटच्या गोळीनंतर दोन-तीन दिवसांनी रक्त गोठण्याची तपासणीही करून घ्या.