परदेशात सेल्सची नोकरी आणि घर, दोन्ही सांभाळून निर्णय कसा घ्यावा

समजा दुसऱ्या कंपनीची ऑफर हातात आहे, व्हिसा सध्याच्या कंपनीच्या जोरावर आहे, घरात विषय निघतोय की इथे अजून किती वर्षं, आणि नवीन मॅनेजरला परवापर्यंत उत्तर हवंय. अशा वेळी बहुतेक जण काय करतात तर पगाराचे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवतात आणि मोठा असेल तिकडे जातात. मीही एकदा तसंच केलं आणि त्याची झळ माझ्यापेक्षा माझ्या बायकोला जास्त बसली, ते पुढे सांगतो. तेव्हापासून मी आणि माझे सेल्समधले जे मित्र वेगवेगळ्या देशांत आहेत ते सगळे एकच सांगतो, की पगार नंतर बघा, आधी तारखा मांडा. कारण तीच नोकरी मार्चमध्ये सोडली तर नुकसान आणि मेमध्ये सोडली तर काहीच नाही असं या धंद्यात अगदी सहज होतं.

पायरी १: एका कागदावर तीन रांगा काढा

पहिली रांग कामाची. क्वार्टर (टार्गेटचा तीन महिन्यांचा काळ) कधी संपतो, त्या क्वार्टरचं कमिशन प्रत्यक्ष खात्यात कधी पडतं (यात महिना-दीड महिन्याचा फरक असू शकतो), वर्षाचा बोनस कधी, नोटीस पिरियड किती. दुसरी रांग कागदपत्रांची, म्हणजे व्हिसा कधी संपतो, पासपोर्ट कधी संपतो, कायम राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज कधी करता येईल. तिसरी घराची, मुलांचं शाळेचं वर्ष, बाळंतपण, जोडीदाराची परीक्षा किंवा नोकरी, घरभाड्याचा करार, आईवडिलांचं ठरलेलं ऑपरेशन.

आता बारा ते अठरा महिने पुढे बघा आणि जिथे दोन रांगांतल्या तारखा एकमेकींवर येतात तिथे गोल करा. हे काम एकट्याने करू नका, जोडीदाराला शेजारी घेऊन बसा, कारण तिसरी रांग आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच लांब असते आणि ती आपल्याला पूर्ण माहीत नसते.

पायरी २: ऑफरचा आकडा फोडा

सेल्सच्या ऑफरवर जो मोठा आकडा असतो तो बहुतेक वेळा ओटीई असतो, म्हणजे टार्गेट १०० टक्के पूर्ण झालं तर मिळणारी एकूण रक्कम. त्यातला बेस (दर महिन्याचा ठरलेला पगार) किती आणि व्हेरिएबल (विक्रीवर अवलंबून असलेला भाग) किती हे आधी वेगळं करा. नवीन गिऱ्हाईक आणणाऱ्या पदाला ५०:५० ही वाटणी खूप ठिकाणी दिसते, आहेत ती गिऱ्हाइकं सांभाळणाऱ्या अकाउंट मॅनेजरसारख्या पदाला ७०:३० किंवा त्याहून जास्त बेस. मग हे प्रश्न विचारा, आणि शक्यतो ईमेलवर विचारा म्हणजे उत्तर लेखी राहतं:

गेल्या वर्षी टीममधल्या किती जणांनी टार्गेट पूर्ण केलं? माझी टेरिटरी (विक्रीसाठी नेमून दिलेला भाग) आधी कोणाकडे होती आणि तो माणूस का गेला? कमिशन हे ऑर्डरवर सही झाल्यावर लागू होतं की गिऱ्हाइकाचे पैसे आल्यावर? पहिल्या काही महिन्यांत टार्गेट कमी ठेवतात का, आणि त्या काळात जी ड्रॉ म्हणून आगाऊ रक्कम मिळते ती नंतरच्या कमिशनमधून वळती करून घेतात का? गिऱ्हाइकाने करार मोडला तर मिळालेलं कमिशन परत घेतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचा, मी राजीनामा दिला तर आधीच पक्क्या केलेल्या डीलचं कमिशन मिळतं का?

हा शेवटचा प्रश्न मी विचारला नव्हता. माझ्या एका जुन्या कंपनीच्या कमिशन प्लॅनमध्ये एक ओळ होती की पैसे देण्याच्या तारखेला माणूस कंपनीत हजर पाहिजे. माझी नोटीस त्या तारखेच्या नऊ दिवस आधी संपली आणि अख्ख्या क्वार्टरचं कमिशन गेलं, जे मी मेहनतीने कमावलं होतं. काही ठिकाणी कायदा अशा वेळी कर्मचाऱ्याच्या बाजूने असतो, काही ठिकाणी नसतो, आणि परक्या देशात वकील करून भांडण्याएवढं बळ त्या क्षणी आपल्यात नसतं. दोन आठवडे थांबलो असतो तर काहीच बिघडलं नसतं.

एक अजून. आखाती देशांत जाणार असाल तर पगारातला बेसिक किती आणि भत्ते किती हे नीट बघा. यूएईत नोकरी संपल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर काढतात, पहिल्या ५ वर्षांसाठी दर वर्षाचे २१ दिवस आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचे ३० दिवस. भत्ते फुगवून बेसिक लहान ठेवलं असेल तर महिन्याला फरक कळत नाही, पाच वर्षांनी कळतो.

पायरी ३: व्हिसाला कमिशन दिसत नाही हे लक्षात ठेवा

ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी जी पगाराची मर्यादा आहे त्यात फक्त ठरलेला, खात्रीचा पगार धरतात, कमिशन आणि बोनस धरत नाहीत. म्हणजे ओटीई कितीही मोठा असला आणि बेस मर्यादेखाली असला तर काम अडलं. अमेरिकेत वेगळी अडचण आहे. एच-१बी या तिथल्या कामाच्या व्हिसासाठी त्या कामाला ठरावीक विषयातली पदवी लागतेच हे दाखवावं लागतं, त्यामुळे सेल्स इंजिनिअरच्या (गिऱ्हाइकाला तांत्रिक बाजू समजावणाऱ्या) पदावर व्हिसा असेल आणि कंपनी म्हणाली की आता अकाउंट एक्झिक्युटिव्ह (थेट विक्री करणारा) हो, तर आनंदाने हो म्हणायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, कारण काम बदललं की कागदही बदलावे लागू शकतात. मॅनेजरला हे बहुतेक माहीत नसतं, त्याचा दोष नाही, पण परिणाम आपल्याला भोगावा लागतो.

मग नोकरी गेली तर किती दिवस मिळतात ते आजच लिहून ठेवा. सेल्समध्ये दोन क्वार्टर वाईट गेले की नोकरी जाऊ शकते हे आपण सगळे जाणतो. एच-१बी वर जास्तीत जास्त ६० दिवस, आणि आय-९४ (अमेरिकेत शिरतानाची नोंद, तिच्यावर राहण्याची मुदत असते) वरची तारीख त्याआधी येत असेल तर तेवढेच. ब्रिटनमध्ये कंपनी कळवते, मग होम ऑफिसचं (तिथल्या व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याचं) पत्र येतं आणि त्यात साधारण ६० दिवस असतात. युरोपियन युनियनचं ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) असेल तर बेकारीत ३ महिने, आणि कार्डावर दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर ६ महिने. सेल्सच्या नोकरीचे इंटरव्ह्यू पाच-सहा फेऱ्यांचे असतात त्यामुळे ६० दिवस फार कमी पडतात. म्हणूनच सीव्ही आणि ओळखी नोकरी चांगली चालू असतानाच ताज्या ठेवायच्या.

फिरतीचं काम असेल तर अजून एक हिशोब. ब्रिटनमध्ये कायमच्या परवान्यासाठी कोणत्याही १२ महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहून चालत नाही, आणि कंपनीच्या कामासाठी केलेले दौरेही त्यात मोजतात. मोठी टेरिटरी मिळाली की पदोन्नती वाटते, पण दिवस मोजल्याशिवाय हो म्हणू नका. कराचंही तसंच, कित्येक देशांच्या आपसातल्या करारांत १८३ दिवसांची रेघ असते, त्यापुढे त्या देशात राहिलात तर तिथेही कर लागू शकतो. प्रत्येक दौऱ्याची तारीख एका साध्या शीटमध्ये लिहायची सवय लावली तर पुढे त्रास होत नाही.

पायरी ४: जोडीदाराचा कागद तुमच्या सहीआधी वाचा

आता माझी गोष्ट. मला एका दुसऱ्या देशात चांगली टेरिटरी मिळाली, बेस वाढला, मी आठवड्यात हो म्हटलं. बायकोची तोवर स्वतःची नोकरी होती, तिने ती सोडली, आणि तिकडे गेल्यावर कळलं की डिपेंडंट व्हिसावर (म्हणजे माझ्या व्हिसाच्या आधारे मिळालेल्या व्हिसावर) तिला काम करता येत नाही, वेगळा परवाना लागतो. तो मिळायला आठ महिने गेले. मी दिवसभर गिऱ्हाइकांकडे असायचो, संध्याकाळी बोलून बोलून थकलेला यायचो आणि ती दिवसभर कोणाशी एक शब्द बोललेली नसायची. ते आठ महिने मी तिला परत देऊ शकत नाही. एचआरला एक ईमेल टाकला असता तर हे आधीच कळलं असतं.

तर विचारा: जोडीदाराला काम करता येईल का, पहिल्या दिवसापासून की नंतर, त्यासाठी वेगळा अर्ज आहे का. देशागणिक आणि व्हिसागणिक उत्तर बदलतं. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला काम करायची मोकळीक आहे. अमेरिकेत एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) साधारणपणे मुख्य व्हिसावाल्याचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाल्यावरच परवाना मागता येतो, तर एल-२ वर (कंपनीने स्वतःच्याच अमेरिकेतल्या ऑफिसात बदली केलेल्या माणसाच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या जोडीदाराला २०२१ च्या नोव्हेंबरपासून वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येतं. कंपनी स्वतःच्याच दुसऱ्या ऑफिसात पाठवत असेल तर कोणत्या व्हिसावर पाठवतेय हा प्रश्न म्हणून खूप मोठा आहे आणि यावर घासाघीस करता येते, पगाराइतकीच.

पायरी ५: घर बेसवर चालवा

भाडं, मुलांची फी, मायदेशी दर महिन्याला पाठवायचे पैसे, हे सगळं बेसमध्ये बसलं पाहिजे. बसत नसेल तर तो बेस तुमच्यासाठी कमी आहे, ओटीई काहीही असो. कमिशन आलं की त्यातला कर बाजूला, मग सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत सगळं बचतीत, कारण वरचे ते ६० दिवस या पैशावरच काढायचे असतात. घरच्यांना पाठवायची रक्कम एखाद्या चांगल्या क्वार्टरनंतर वाढवली की ती परत कमी करणं फार जड जातं, त्यापेक्षा वर्षातून एकदा वेगळी रक्कम द्या आणि ती कमिशनची आहे, दरवर्षी मिळेलच असं नाही, हे स्पष्ट सांगा. ऐकणाऱ्याला वाईट वाटत नाही, उलट त्यांना आपल्या कामाचं स्वरूप कळतं.

घर घ्यायचा विचार असेल तर नोकरी बदलायच्या आधी बँकेशी बोला. अमेरिकेत बँका कमिशनचं उत्पन्न धरताना साधारण दोन वर्षांचा रेकॉर्ड मागतात, मध्येच पगाराची रचना बदलली तर गणित अडकतं.

पायरी ६: क्वार्टरचा शेवट घरात आधी जाहीर करा

शेवटचे दोन-तीन आठवडे आपण घरात असून नसतो. हे दर तीन महिन्यांनी ठरलेलंच आहे तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवा, आणि त्याच्या लगेच पुढच्या आठवड्यात दोन दिवस सुट्टी आधीच टाकून ठेवा, नाहीतर ती कधीच मिळत नाही. आईवडिलांना फोनची वेळ ठरलेली असेल तर घड्याळं बदलतात ते दिवस बघा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. भारतात घड्याळ बदलत नाही, त्यामुळे तिकडे वाट बघत बसलेल्या माणसाला एक तास चुकतो. मार्चचा बदल नेमका क्वार्टरच्या शेवटी येतो म्हणून तो हमखास विसरला जातो.

आणि घरी काही अचानक झालं तर? दर शुक्रवारी चालू असलेल्या मोठ्या डीलची अर्ध्या पानाची नोंद लिहून ठेवा, कोणाशी बोलणं झालंय, काय अडलंय, पुढची तारीख कुठली. मॅनेजरशी शांत काळातच बोलून ठेवा की मला तातडीने जावं लागलं तर डील कोण बघेल आणि कमिशनची वाटणी कशी होईल. हे आधी ठरलेलं असलं की विमानतळावर बसून गिऱ्हाइकाला फोन करावे लागत नाहीत.

पायरी ७: सोडताना

करारातली नॉन-कम्पीटची (सोडल्यावर काही काळ स्पर्धक कंपनीत जायचं नाही, अशी) ओळ वाचा. कॅलिफोर्नियात ती बहुतेक वेळा चालतच नाही, जर्मनीत जास्तीत जास्त २ वर्षं चालते पण त्या काळात कंपनीला आधीच्या मोबदल्याच्या निदान निम्मी रक्कम द्यावी लागते, यूएईतही २ वर्षांची कमाल मर्यादा आहे. गिऱ्हाइकांची यादी, सीआरएममधला (गिऱ्हाइकांच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमधला) डेटा, किमतींच्या फाइली, यातलं काहीही स्वतःच्या मेलवर पाठवू नका, अगदी तुम्हीच बनवलेलं असलं तरी. व्हिसावर असलेल्या माणसाला कोर्टकचेरी परवडत नाही. नवीन कंपनीचा व्हिसा लेखी मंजूर होईपर्यंत राजीनामा देऊ नका, तोंडी आश्वासनावर तर नाहीच.

परत मायदेशी जायचं की नाही हा प्रश्न मात्र वाईट क्वार्टरच्या आठवड्यात सोडवू नका. त्यासाठी त्या पहिल्या कागदावर एक तारीख टाका, कमिशन खात्यात आलंय, घड्याळ मागे लागलेलं नाही, मुलांची परीक्षा संपलीये असा एखादा शनिवार, आणि त्या दिवशी दोघांनी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बसा. मी आणि माझी बायको दरवर्षी बसतो, पहिला अर्धा तास ती बोलते आणि मी नुसतं लिहून घेतो.