पेरणीवेळचे खत : बियाण्यापासून तीन बोटांच्या अंतरात होणाऱ्या चुका

मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत भाताची कापणी आटोपली की पाण्याची सोय असलेल्या खाचरांत भेंडी, काकडी, मका अशी ओळीने लावायची पिके घेतली जातात. वाशीचा बाजार हाताशी असल्याने माल पहिल्या तोड्यापासून विकला जातो, म्हणून उगवण एकसारखी होणे फार महत्त्वाचे ठरते. तरीही पेरणीनंतर आठवड्याभरात अनेक ओळींमध्ये नांग्या (न उगवलेल्या मोकळ्या जागा) दिसू लागतात आणि दोष बियाण्याला दिला जातो. अशा नांग्या मी जेव्हा जेव्हा खुरप्याने उकरून पाहिल्या, तेव्हा बहुतेक ठिकाणी फुगून काळे पडलेले बी आणि त्याला चिकटलेले खताचे दाणे एकत्रच सापडले. खत योग्य होते आणि मात्राही फारशी चुकलेली नव्हती, चुकली होती ती जागा.

पेरणीच्या वेळी खत देण्याची गरज आपल्या भागात इतर ठिकाणांपेक्षा अधिक आहे, आणि त्याचे कारण भातातच दडलेले आहे. चिखलात पाणी साचलेले असताना मातीतील लोहाचे रूप बदलते व त्याने धरून ठेवलेला स्फुरद (फॉस्फरस) मोकळा होतो, त्यामुळे भाताला स्फुरदाची टंचाई सहसा जाणवत नाही. पाणी हटून माती वाळली की तेच लोह पुन्हा हवेच्या संपर्कात येते आणि स्फुरद पूर्वीपेक्षाही घट्ट धरते. त्यात कोकणपट्टीची माती मुळात आम्लधर्मी. म्हणूनच भात उत्तम आलेल्या खाचरात मागाहून लावलेला मका पहिल्या पंधरवड्यात जांभळट पाने घेऊन खुरटतो. अशा जमिनीत दाणेदार खत फोकून (हाताने सगळीकडे पसरून) देणे ही पहिली चूक होय, कारण फोकलेला प्रत्येक दाणा चहूबाजूंनी मातीच्या संपर्कात येऊन त्यातील स्फुरद लवकर बांधला जातो आणि तो स्वतःहून काही मिलिमीटरपलीकडे सरकत नाही. तेच खत ओळीत एकवटून दिले तर मातीशी त्याचा संपर्क कमी येतो आणि कोवळे मूळ थेट त्याच्यापर्यंत पोहोचते.

हे पटले की अनेक जण दुसऱ्या टोकाला जातात आणि टोकणीच्या (हाताने एकेक बी खड्ड्यात लावण्याच्या) एकाच खड्ड्यात बी व चिमूटभर खत टाकतात. सर्वांत जास्त नुकसान येथेच होते. खत विरघळले की बियाण्याभोवतीचे पाणी खारे होते व बियाण्याला ते शोषून घेता येत नाही. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) आणि युरिया यांमधून अमोनिया वायूही सुटतो आणि तो नुकतेच फुटलेले मूळ जाळतो. युरिया तर बियाण्याजवळ मुळीच नको. अडीच फुटी ओळींतील मक्यासाठी बियाण्याला लागून खत द्यायचेच असेल, तर त्यातील नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅश) मिळून एकरी साडेचार किलोच्या वर जाऊ नये आणि हलक्या जमिनीत त्याच्याही निम्म्यावर थांबावे, असा सर्वसाधारण नियम आहे. १५:१५:१५ ची (नत्र, स्फुरद व पालाश प्रत्येकी १५ टक्के) ५० किलोची एकच गोणी एकराला दिली, तरी तिच्यात हे दोन्ही घटक मिळून १५ किलो असतात. भेंडीचे बी मक्याइतके मोठे नसते, म्हणून त्याच्याजवळ तर आणखी जपावे.

योग्य जागा म्हणजे बियाण्याच्या एका बाजूला ५ सेंटिमीटर आणि बियाण्याच्या खाली ५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण तीन बोटे बाजूला व तीन बोटे खोल. येथे वारंवार होणारी चूक अशी की ही खोली जमिनीच्या पृष्ठभागापासून मोजली जाते. बी अडीच-तीन सेंटिमीटरवर असेल, तर खताची काकरी (बारीक चर) साडेसात-आठ सेंटिमीटर खोल हवी. आधी काकरी पाडून खत सोडावे, ते मातीने झाकावे आणि मग तीन बोटे सरकून बियाण्याची ओळ धरावी. दोन चाड्यांची पाभर (बी व खत वेगवेगळ्या नळ्यांतून सोडणारे पेरणीचे अवजार) वापरणाऱ्यांनी पहिल्या दहा पावलांनंतर थांबून माती उकरून पाहावी, कारण खताची नळी थोडी जरी सरकली तरी दोन्ही दाणे एकाच रेघेत पडतात. खत दहा-पंधरा सेंटिमीटर दूर टाकणेही उपयोगाचे नाही, कारण सुरुवातीच्या ज्या दोन आठवड्यांसाठी आपण ते देतो, त्या काळात मूळ तेथवर सहसा पोहोचत नाही.

सरी-वरंब्यावर लागवड असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. सरीतले पाणी वरंब्यात शिरून वर चढते आणि विरघळलेले क्षार माथ्याकडे नेते, म्हणून माथ्यावर खत व बी देणे धोक्याचे असते. बी वरंब्याच्या उतारावर मध्यावर लावावे आणि खत त्याच्या खाली, सरीच्या बाजूला ठेवावे.

मात्रेचा हिशेब एकरावर करून हात मोकळा सोडणे ही चूक जाणत्यांकडूनही होते. समजा भेंडीला पेरणीच्या वेळी एकरी २० किलो नत्र, २० किलो स्फुरद आणि २० किलो पालाश द्यायचे आहे. त्यासाठी १५:१५:१५ चे सुमारे १३३ किलो खत लागेल, म्हणजे गुंठ्याला साधारण ३.३ किलो. ओळींत ६० सेंटिमीटर अंतर असेल तर एका गुंठ्यात जवळपास १६८ मीटर ओळ बसते आणि मीटरला २० ग्रॅम खत येते. तेच खत ९० सेंटिमीटरच्या ओळींत दिले तर मीटरला ३० ग्रॅमपर्यंत जाते. एकरी आकडा तोच राहतो, पण प्रत्येक रोपाशेजारचा क्षार दीडपट होतो. ३० सेंटिमीटरवर टोकण करणाऱ्याने ६० सेंटिमीटरच्या ओळीत एका ठिकाणी ६ ग्रॅम धरावे, आणि मजुरांना चिमटीचा अंदाज सांगण्याऐवजी एकदा तोलून भरलेले बाटलीचे झाकण हाती द्यावे. हे मी अगदी आग्रहाने सांगतो, कारण चार माणसांच्या चार चिमटी कधीच सारख्या नसतात.

खताच्या निवडीत ‘संतुलित’ या शब्दाचा अर्थ तिन्ही आकडे सारखे असा घेतला जातो, तो बरोबर नाही. जमिनीत काय कमी आहे ते माती परीक्षणातून कळते आणि त्यावरूनच संतुलन ठरते. डीएपीमध्ये १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असतो, पालाश अजिबात नसतो. १०:२६:२६ मध्ये पालाश भरपूर असतो, पण त्याबरोबर क्षारही वाढतो. खाडीलगतच्या खारजमिनीत म्युरेट ऑफ पोटॅश हे पालाशाचे खत ओळीत देऊ नये. तेथे सल्फेट ऑफ पोटॅश महाग असले तरी सोसते. सिंगल सुपर फॉस्फेटचा क्षार फारच कमी असतो, शिवाय त्यातून गंधक आणि कॅल्शियम मिळते, त्यामुळे हात थोडा चुकला तरी नुकसान मर्यादित राहते. नवख्या शेतकऱ्याला मी स्फुरदासाठी आधी तेच सुचवीन. भातात चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मध्ये दाबायची युरिया-डीएपीची गोळी उरली म्हणून भेंडीच्या बियाण्याशेजारी पुरणे मात्र सर्वस्वी टाळावे.

राबाची (भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या जागेची) किंवा चुलीची राख डीएपीत वा अमोनियायुक्त खतात मिसळू नये. राख अल्कधर्मी असल्याने नत्र वायुरूपाने उडून जाते. चुन्याचेही तेच. झिंक सल्फेट डीएपीबरोबर एकत्र केल्यास जस्त स्फुरदाशी बांधले जाते, म्हणून ते वेगळ्या वेळी द्यावे.

नांग्या पडल्याच, तर आधी कारण ओळखावे. पाणी साचून बी कुजले असेल तर नांग्या सखल जागी, थाळीसारख्या पसरलेल्या असतात आणि उकरल्यावर दुर्गंधी येते. खताने जळले असेल तर त्या ओळीच्या दिशेने लांबट असतात, शेजारची ओळ ठीक असते, मुळाचे टोक तपकिरी व आखूड दिसते आणि उगवलेल्या रोपांच्या पानांच्या कडा करपलेल्या असतात. अशा वेळी वरून आणखी खत किंवा फवारणी देऊ नये. निचरा चांगला असल्यास एक भरपूर पाणी देऊन क्षार खाली धुऊन काढावेत आणि वाफसा आल्यावर (माती ओलसर पण चिकट नसताना) नांग्या भरताना जुन्या खड्ड्यातच बी टाकण्याचा मोह टाळून, खताच्या रेघेपासून आठ-दहा सेंटिमीटर दूर, तिच्या विरुद्ध अंगाला नवे बी टोकावे.