सायीपासून साजूक तूप: विरजण, लोणी आणि कढवण

साजूक तुपाचा बराचसा स्वाद लोणी गॅसवर चढण्यापूर्वीच, सायीला विरजण लागते तेव्हा ठरलेला असतो. न विरजलेली साय घुसळूनही लोणी निघते आणि त्याचे तूपही होते. परंतु गरम भातावर वाढल्यावर जो खमंग, किंचित आंबूस दरवळ उठायला हवा, तो त्या तुपाला येत नाही. म्हणून घरी तूप करणाऱ्यांनी घाई करायचीच असेल तर ती इतरत्र करावी, विरजणात करू नये.

सायीसाठी म्हशीचे दूध उत्तम. त्यात स्निग्धांश साधारण 6 ते 7 टक्के असतो, गाईच्या दुधात तो 4 टक्क्यांच्या आसपास असतो. पिशवीचे दूध घेत असल्यास पिशवीवरील मजकूर अवश्य वाचावा, कारण टोन्ड दुधात स्निग्धांश 3 टक्केच असतो आणि होमोजिनाइज्ड दुधातील स्निग्धकण इतके बारीक केलेले असतात की त्यावर जाड साय धरत नाही. दूध उतू न देता मंद आचेवर तापवावे, झाकण अर्धवट ठेवून निवू द्यावे आणि पूर्ण गार झाल्यावर काही तास फ्रीजमध्ये ठेवून मगच साय काढावी.

बहुतेक घरांत सायीच्या भांड्यात पहिल्याच दिवशी चमचाभर दही घालून रोजची साय त्यात मिसळत जातात. चार-पाच दिवसांत तूप करायचे असेल तर ही रीत ठीक आहे. त्याहून अधिक दिवस साय जमवायची असल्यास ती फ्रीझरमध्ये ठेवावी आणि एकदमच विरजावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फ्रीजच्या थंडाव्यात दह्याचे जिवाणू जवळजवळ थांबतात, पण थंडी सोसणारे दुसरे जिवाणू आपले काम चालूच ठेवतात आणि त्यामुळे साय कडवट होते. हा कडवटपणा पुढे कितीही कढवले तरी तुपातून पुरता जात नाही.

विरजण्यापूर्वी साय बाहेर काढून नेहमीच्या तापमानाला येऊ द्यावी. थंडीचे दिवस असतील तर भांडे कोमट पाण्यात ठेवावे. दोन वाट्या सायीला एक चमचा ताजे, आंबट न झालेले दही पुरते. दही एका जागी न टाकता सगळीकडून ढवळावे. उन्हाळ्यात सहा-सात तासांत साय विरजते, तर हिवाळ्यात रात्रभर ठेवावी लागते. त्यानंतर ती तासभर फ्रीजमध्ये गार करून घुसळावी.

घुसळण्यासाठी रवी घ्या किंवा मिक्सर, सारे तापमानावर अवलंबून असते. साय उबदार असेल तर लोणी मऊ पडून ताकातच मिसळून राहते, फार थंड असेल तर कितीही घुसळले तरी नुसता फेस येतो. यासाठी उन्हाळ्यात बर्फाचे पाणी आणि कडाक्याच्या थंडीत किंचित कोमट पाणी थोडे थोडे घालावे. आधी रवी जड लागते. मग एकाएकी हलकी होते, आवाज पाणचट होतो आणि भांड्याच्या कडेला लोण्याचे बारीक कण दिसू लागतात. येथून पुढे सावकाश घुसळावे, म्हणजे कण एकत्र येऊन गोळा वर तरंगतो. हा गोळा गार पाण्याने दोन-तीन वेळा, पाणी नितळ येईपर्यंत धुवावा. लोण्यात ताक राहिले तर बेरी, म्हणजे तूप कढवताना तळाशी बसणारा गाळ, जास्त पडते आणि करपण्याची भीती वाढते.

कढवण्यासाठी जाड बुडाचे पातेले घ्यावे आणि ते अर्धेच भरावे, कारण फेस पुष्कळ चढतो. लोण्यातील पाणी आटत असेपर्यंत तडतड चालू राहते. ती ओसरली, मोठे बुडबुडे जाऊन वर बारीक फेस आला आणि तूप पारदर्शक होऊन तळ दिसू लागला, की तेथून हलू नये. बेरी फिकट सोनेरी झाली की गॅस बंद करावा. पातेल्याच्या उष्णतेने तिचा रंग पुढेही गडद होतच राहतो. शेवटी विड्याचे पान घालण्याची जुनी रीत सुवासासाठी आहेच, शिवाय पान कुरकुरीत झाले की पाणी उरले नाही हेही कळते.

रवाळ तूप हवे असल्यास ते सावकाश निवू द्यावे. जरासे निवल्यावर स्टीलच्या गाळणीने कोरड्या बरणीत गाळावे आणि थिजेपर्यंत ती बरणी हलवू नये, फ्रीजमध्येही ठेवू नये. झटपट गार केलेल्या तुपाचे कण बारीक राहतात आणि ते गुळगुळीत थिजते.

गाळणीत उरलेली बेरी टाकून देऊ नये. ती गरम असतानाच साखर मिसळून पोळीबरोबर मुलांना द्यावी किंवा कणीक मळताना घालावी, पोळ्या मऊ होतात. लोणी काढून राहिलेल्या ताकाची आले-मिरची लावून त्याच दिवशी कढी करावी.