गॅस फायर की बायोइथेनॉल फायर? ब्रिटनमधल्या घरासाठी निवड कशी करावी

ब्रिटनमध्ये जुनं घर घेतलं की हॉलच्या भिंतीत बहुतेक वेळा एक बुजवलेली शेगडीची जागा सापडते. पूर्वी तिथे कोळसा जळायचा. पहिली थंडी पडली की घरात चर्चा सुरू होते: इथे गॅस फायर, म्हणजे गॅसवर जळणारी शेगडी, बसवायची की दुकानात दिसते ती बिनधुराड्याची, बायोइथेनॉलवर (वनस्पतींपासून केलेल्या अल्कोहोलवर) जळणारी फायर आणायची? माझं मत आधीच सांगून टाकतो. खोली खरोखर तापवायची असेल तर गॅस. ज्योत बघत बसायचं असेल आणि थोडी ऊब मिळाली तर हवीच असेल, तर बायोइथेनॉल. युरोपीय मानक ईएन १६६४७ सुद्धा बायोइथेनॉलच्या उपकरणांना शोभेची उपकरणंच म्हणतं.

आधी घर तपासा

घर भाड्याचं असेल तर सगळ्यात आधी घरमालकाला विचारा. गॅसच्या कामाला त्याची परवानगी लागतेच, पण बायोइथेनॉललाही भाडेकरारात किंवा घराच्या विम्यात मनाई असू शकते. आधीपासून बसवलेली गॅस फायर मालकाची असेल तर दरवर्षी तिची सुरक्षा तपासणी करून घेणं त्याच्यावर १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार बंधनकारक आहे. तपासणीचा कागद २८ दिवसांत भाडेकरूला मिळायला हवा. तो मागायला संकोच करू नका.

घर स्वतःचं असेल तर तीन गोष्टी बघा: गॅसची लाइन हॉलपर्यंत येते का, धुराडं विटांचं आहे की नव्या घरांसारखं अरुंद, आणि ते वरपर्यंत मोकळं आहे का. वापरात नसलेल्या धुराड्यात कावळ्याच्या जातीचे जॅकडॉ पक्षी काटक्या भरून घरटी करतात. म्हणून फायर बसवण्याआधी धुराडं साफ करून घ्यावंच लागतं.

मग खर्चाचा हिशोब मांडा

एक लिटर बायोइथेनॉल जाळलं की सुमारे ६ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता मिळते. ३ किलोवॉटचा बर्नर तासाला अर्धा लिटर पितो. संध्याकाळी तीन तास लावला तर दीड लिटर गेलं. लिटरला ४ पौंड धरले तर एका संध्याकाळचे ६ पौंड झाले. २०२५ मध्ये ऑफजेमच्या (ब्रिटनच्या ऊर्जा नियामकाच्या) दरमर्यादेत गॅसचं युनिट ६ ते ७ पेन्सना होतं. चांगल्या गॅस फायरमधून तेवढीच उष्णता घ्यायला एक पौंडही लागत नाही. तुमच्या बिलावरचा दर आणि कॅनवरची किंमत घालून हा हिशोब स्वतः करा. रोज लावणार असाल तर उत्तर इथेच मिळतं. सणावाराला किंवा पाहुणे आले की लावणार असाल, तर बसवण्याचा खर्च नसलेली बायोइथेनॉल परवडू शकते.

गॅस घेणार असाल तर प्रकार नीट निवडा

उघड्या ज्वाळेची, खोट्या कोळशांची फायर दिसायला सुंदर असते, पण तिची बरीचशी ऊब धुराड्यातून वर जाते. समोर काच असलेली फायर त्याच गॅसमध्ये कितीतरी जास्त उष्णता खोलीत सोडते. मी तीच घ्या म्हणेन. धुराडं नसेल तर बाहेरच्या भिंतीतून नळी काढून बसवायची बॅलन्स्ड फ्लू फायर मिळते.

काम गॅस सेफ रजिस्टरवरच्या, म्हणजे गॅसचं काम करायला परवानगी असलेल्यांच्या अधिकृत यादीतल्या माणसाकडूनच करून घ्या. त्याच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला त्याला कोणत्या कामांची मुभा आहे ते लिहिलेलं असतं. तिथे गॅस फायरचा उल्लेख हवा. फक्त बॉयलरचा असेल तर हे काम त्याचं नाही. उघड्या धुराड्याची फायर बसवून झाल्यावर तो दारं-खिडक्या बंद करून फायरच्या वरच्या कडेशी धुराची काडी धरतो. धूर आत खेचला गेला पाहिजे. तो खोलीत पसरला तर ती फायर वापरायची नाही.

बायोइथेनॉल घेणार असाल तर हे आधी वाचा

शाळेच्या प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा आठवा. हे त्याचंच मोठं रूप आहे. भीषण अपघात होतात ते इंधन पुन्हा भरताना. ज्योत विझली असं वाटतं, पण भरपूर उजेडात ती जवळजवळ दिसतच नाही. त्यावर कॅनमधून इंधन ओतलं की आग वाफेवरून कॅनपर्यंत पोचते आणि ज्वाळेचा झोत समोरच्या माणसाच्या अंगावर येतो. म्हणून झाकण सरकवून ज्योत विझवा आणि बर्नर पूर्ण थंड होऊ द्या. निदान अर्धा तास थांबा. माहितीपत्रकात जास्त वेळ दिला असेल तर तेवढा. मगच भरा. सांडलेलं पुसल्याशिवाय पेटवू नका. कॅन देवघरातल्या समईपासून लांब, मुलांचा हात पोचणार नाही असा ठेवा.

टेबलावर ठेवायच्या हलक्या फायर तर घेऊच नका. ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये अशा उपकरणांसाठी निदान ८ किलो वजन आणि ९०० चौरस सेंटिमीटर पाया सक्तीचा केला, कारण हलकं उपकरण कलंडतं. घरात रांगतं मूल असेल तर माझं उत्तर सरळ नाही असंच आहे.

दुसरी गोष्ट ओलीची. दीड लिटर बायोइथेनॉल जळलं की जवळपास १.४ लिटर पाणी वाफ होऊन खोलीत येतं, शिवाय दोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड. ब्रिटनच्या थंडीत ते पाणी खिडकीच्या काचेवर आणि कोपऱ्यातल्या गार भिंतीवर जमतं, आणि मग काळी बुरशी धरते. खिडकी थोडी उघडी ठेवावीच लागते, आणि त्यातून थोडी ऊब निघून जाते.

काहीही घेतलं तरी अलार्म लावा

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ईएन ५०२९१ असा शिक्का असलेला अलार्म त्याच खोलीत, फायरपासून १ ते ३ मीटरवर लावा. तो वाजला तर फायर बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. कोणाचं डोकं दुखत असेल किंवा मळमळत असेल तर लगेच वैद्यकीय मदत घ्या. गॅस फायर असेल तर बाहेर येऊन ०८०० १११ ९९९ वर फोन करा. हा गॅसच्या आणीबाणीचा क्रमांक आहे, रात्री-अपरात्रीही चालतो.