खुर्चीवरचं चित्र सोलून निघत होतं, ते असं टिकवलं

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका आजींनी नातीची लाकडी खुर्ची आणून दिली, दुसरीकडून रंगवून घेतलेली, पण चित्र नखानं सोलून यायचं. खाली जुना चकचकीत ऑइल पेंट होता, त्याच्यावर ॲक्रिलिक (पाण्यात मिसळणारा रंग) धरतच नाही. वॉटर पेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर) भिजवून चकाकी जाईपर्यंत घासली, कोरडं घासायचं अजिबात नाही हं, जुन्या रंगात शिसं असू शकतं (रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ पासून लागू झाली) आणि ती धूळ पोरांच्या पोटात जाते. मग पुसून वाळवली, प्रायमर (रंग धरून ठेवणारा खालचा हात), ॲक्रिलिकचे पातळ हात, रंकाळा तलाव आणि बदकं काढली, वर वॉटर बेस्ड क्लिअर कोट (रंग जपणारा पारदर्शक हात). पावसाळ्यात आपल्याकडं हवा लई दमट, तेव्हा दोन हातांमध्ये जास्त वेळ सोडा. आता नख मारलं तरी रंग हलत नाही.